फोटो आधी वाचा, पलटण मग ठरवा

पद्मनाभपुरात काय, किंवा भिलाईच्या सेक्टरांत काय, मराठी घरात ट्रंकेच्या तळाशी एखाद्या फौजी पूर्वजाचा फोटो निघाला की त्याची पलटण दोन मिनिटांत ठरते. "मराठा रेजिमेंट असणार, दुसरं काय?" आपल्यापैकी बऱ्याच कुटुंबांना पोलाद कारखान्याने इकडे आणलं. फोटो सामानाबरोबर आला, पण तो कुणाचा, कधीचा, कुठला हे सांगणारी माणसं गावी राहिली आणि एकेक करून गेली. मग उरलेली जागा अभिमान भरून काढतो.

मला हे पटत नाही. मराठी आडनाव हा पलटणीचा पुरावा नव्हे. आपल्या मुलखातली माणसं खडकीच्या बॉम्बे सॅपर्स अँड मायनर्समध्ये होती. १९१७ साली १११वी महार ही पलटण उभी राहिली आणि काही वर्षांतच मोडली गेली. पुढे १९४१ मध्ये बेळगावात महार रेजिमेंट स्थापन झाली. याशिवाय खेचरं हाकणारे, रसद पोचवणारे, जखमींना उचलून नेणारे होतेच. गणवेश त्यांच्याही अंगावर होता आणि स्टुडिओत जाऊन फोटो त्यांनीही काढून घेतला होता.

कॅडेट मित्रांनो, तुम्ही रोज गणवेश घालता. त्यामुळे असा फोटो वाचायला घरातल्या कोणाहीपेक्षा तुम्ही लायक आहात. चेहरा बाजूला ठेवा आणि खालून सुरुवात करा. पायाला गुंडाळलेली पट्टी कुठे संपते? पायदळाचा शिपाई ती घोट्यापासून वर गुंडाळी आणि गुडघ्याखाली बांधी. घोडदळ, तोफखाना अशा स्वार दलांत ती वरून खाली येई आणि बांधणी घोट्याशी असे. बुटाच्या टाचेला स्पर, छातीवरून तिरका चामडी काडतूसपट्टा असं दिसलं, तर पायदळाचं नाव घेण्याआधी थांबा. मग बाहीवरच्या फिती मोजा, एक लान्स नाईक, दोन नाईक, तीन हवालदार. शेवटी खांद्यावरची पितळी अक्षरं भिंगातून बघा. एखादा आकडा लागला तर नशीब.

हा आकडा मात्र फसवा असतो. मुंबई फौजेतल्या पलटणींच्या क्रमांकात १९०३ साली शंभर मिळवले गेले. तिसरीची १०३वी झाली, पाचवीची १०५वी, दहावीची ११०वी. १९२२ मध्ये पुन्हा फेररचना झाली आणि सगळ्या मराठा पलटणी '५वी मराठा लाईट इन्फन्ट्री' या एका रेजिमेंटखाली आल्या. १०३वी तिची पहिली बटालियन झाली, १०५वी दुसरी, ११०वी तिसरी, ११६वी चौथी आणि ११७वी पाचवी. म्हणजे पणजोबांच्या खांद्यावर '१०३' आणि त्यांच्या मुलाच्या कागदावर '१/५' असेल, तर बापलेक एकाच पलटणीतले. फोटोत नुसता '५' दिसला तर तो १९०३ पूर्वीचा की १९२२ नंतरचा, हे आधी ठरवावं लागेल. बॅजही बदलतात. महार रेजिमेंटच्या सुरुवातीच्या बॅजवर कोरेगावचा स्तंभ होता. आज मशीनगनांबरोबर खंजीर आहे.

कधी कधी फोटोपेक्षा आजीचं एखादं वाक्य जास्त सांगून जातं. "ते काली पाँचवीतले" असं कोणी म्हणालं, तर नातवंडांना शाळेची इयत्ता आठवेल. पण काली पाँचवी म्हणजे जुनी ५वी, म्हणजेच १०५वी. तिच्या गणवेशाच्या काळ्या कॉलर-कफांवरून पडलेलं हे नाव. 'जंगी पलटण' म्हणजे १०३वी. आणि घरात 'बसऱ्याचं' नाव निघत असेल तर कान टवकारा. कूतच्या वेढ्यात जनरल टाऊनशेंडच्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी होत्या. ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत त्या उपाशीपोटी लढल्या, मग कैदेत गेल्या. त्या कैदेतून बरेच जण परतलेच नाहीत. अशा घरात फोटो हीच शेवटची खूण असू शकते. तिच्यावर चुकीची पलटण लिहिली तर तो माणूस दुसऱ्यांदा हरवतो.

म्हणूनच मोबाईलवर जुने फोटो 'रंगीत' आणि 'स्पष्ट' करण्याच्या खेळाची मला भीती वाटते. धूसर बॅज स्पष्ट करताना यंत्र तिथे नसलेला बॅज काढून देतं. रंगांचंही तेच. त्या काळच्या काचेला लाल रंग जवळजवळ दिसत नसे, त्यामुळे लाल काळपट उमटे आणि निळा फिका पडे. छातीवरच्या फितीचा रंग अशा फोटोवरून यंत्राला कळत नाही, तो फक्त अंदाज बांधतो. गंमत म्हणून करा, पण मूळ फोटो आणि त्याची मागची बाजू जशीच्या तशी स्कॅन करून वेगळी ठेवा. मागे स्टुडिओचा शिक्का असतो. गावाचं नाव बहुधा तिथेच सापडतं.

घरात पदक असेल तर त्याची कडा बघा. पहिल्या महायुद्धाच्या पदकांच्या कडेवर नाव, हुद्दा आणि दल कोरलेलं असतं. तिथे कधी 'ड्रायव्हर' निघतं आणि पुढे खेचरांच्या दलाचं नाव. कधी चांदीऐवजी ब्राँझचं पदक निघतं. ते खोटं नसतं. ते लढाऊ नसलेल्या मजूर दलांना आणि अनुयायांना दिलं जाई. ते पाहून घरच्यांचे चेहरे उतरतात, ते मी पाहिलं आहे. का उतरावेत? गॅलिपोलीच्या उतारांवर पाणी आणि दारूगोळा खंदकांपर्यंत नेला तो खेचरवाल्यांनीच, गोळे पडत असताना आणि हातात बंदूक नसताना. शाळेत पूर्वजांच्या फोटोंची भिंत करायची असेल, तर हा माणूस सुभेदाराच्या शेजारी, त्याच उंचीवर लागला पाहिजे. नाहीतर पालक असे फोटो घरीच ठेवतील, किंवा त्यांच्याखाली दुसऱ्याच पलटणीचं नाव लिहून आणतील.

दुसऱ्या महायुद्धातल्या किंवा त्यानंतरच्या माणसाचा शोध असेल तर मराठा रेजिमेंटसाठी बेळगाव, महारसाठी सागर, बॉम्बे सॅपर्ससाठी खडकी आणि तोफखान्यासाठी नाशिक रोडच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहावं. सैन्य क्रमांक असेल तर काम सोपं. नसेल तर पूर्ण नाव, वडिलांचं नाव आणि त्या वेळचं गाव, तालुका द्या. भिलाईचा पत्ता त्यांच्या कामाचा नाही. पेन्शनचं जुनं पुस्तक रद्दीत गेलं नसेल तर आधी ते शोधा, आणि या दिवाळीला गावी गेलात की घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईशेजारी फोटो घेऊन बसा. ती सांगेल ते फोटोमागे पेन्सिलीने लिहा. शाई कागदातून पुढे उतरते.