मालिका उतरणीला लागते तेव्हा

दूरचित्रवाणीवरील आवडती मालिका एका दिवसात बिघडत नाही. तिची घसरण हळूहळू होते आणि रोज पाहणाऱ्यांना ती सर्वांत शेवटी कळते. तरीही काही लक्षणे अशी आहेत की, ती दिसू लागताच जाणत्या प्रेक्षकाने सावध व्हावे.

पहिले लक्षण म्हणजे मालिकेत मृत्यू कायमचा राहत नाही. 'क्योंकि सास भी कभी बहू थी' ही हिंदी मालिका २००० साली सुरू झाली. २००१ मध्ये तिचा नायक मिहीर मरण पावला, तेव्हा असंख्य प्रेक्षक हळहळले. त्यांचा आग्रह इतका वाढला की, मिहीर परत आला. सर्वांना आनंद झाला. परंतु मृत्यू मागे घेता येतो हे एकदा कळल्यावर पुढच्या मृत्यूला रडणार कोण? मग एखादे पात्र दरीत कोसळले, की प्रेक्षक डोळे पुसण्याऐवजी ते कोणत्या महिन्यात परतेल, याचा अंदाज बांधू लागतात.

दुसरे लक्षण चेहऱ्याचे. २००८ साली ती मालिका संपेपर्यंत मिहीरची भूमिका तीन नटांनी केली. नट बदलणे कधी अपरिहार्य असते, हे खरे. गंमत एवढीच की, अनोळखी माणूस दिसताच गल्लीतील कुत्रेही भुंकते. मालिकेतील कुटुंब मात्र नव्या चेहऱ्याचे जुन्याच नावाने स्वागत करते.

तिसरे लक्षण काळाचे. कथा एका रात्रीत वीस वर्षे पुढे उडी घेते. नातवंडे लग्नाची होतात. आजीच्या केसांत मात्र एकच रुपेरी बट वाढते. याउलट कधी काळ जागचा हलत नाही. सोमवारी खिरीत विष कालवले जाते आणि वाटी ओठांपर्यंत पोहोचते शुक्रवारी. मधले दिवस दचकलेले चेहरे विजांच्या कडकडाटासह दाखवण्यात जातात. मराठीतील 'चार दिवस सासूचे' ही मालिका २००१ मध्ये सुरू झाली आणि २०१३ मध्ये संपली. म्हणीतील चार दिवस पडद्यावर अकरा वर्षे पुरले!

हा अनुभव केवळ भारतीय प्रेक्षकांचा नाही. अमेरिकेतील 'हॅपी डेज' या लोकप्रिय मालिकेत, १९७७ सालच्या एका भागात, फोन्झी हे आवडते पात्र पाण्यावरून घसरत जाऊन शार्क माशावरून उडी मारते. साध्या कौटुंबिक कथेत शार्क कशासाठी, हा प्रश्न अनेकांना पडला. मालिका पुढे १९८४ पर्यंत चालली. परंतु 'शार्कवरून उडी' हा तेथे मालिकेच्या उतरणीला दिलेला वाक्प्रचारच होऊन बसला.

असे का होते? कथेला शेवट असतो. धंद्याला तो नको असतो. मालिका किती घरांत पाहिली जाते, यावर जाहिरातींचे दर ठरतात. आकडे चांगले असतील, तर कथा संपली तरी मालिका संपत नाही. पडद्यामागे राबणाऱ्या अनेकांची रोजीरोटीही तिच्यावर अवलंबून असते, हेही विसरता येत नाही. तरी वेळीच थांबणे शक्य असते. दूरदर्शनवरील 'हम लोग' ही मालिका १९८४ मध्ये सुरू झाली आणि सुमारे दीड वर्षात, १९८५ अखेर, तिने निरोप घेतला. तिची आठवण आजही आदराने काढली जाते.

तथापि सारा दोष निर्मात्यांच्या माथी मारता येत नाही. 'काय हा पोरकटपणा!' असे म्हणत लोक रोज त्याच वेळी पडद्यासमोर बसतात. जुन्या पात्रांविषयीची माया सुटत नाही. परंतु प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या यंत्राला माया आणि सवय यांतील फरक कळत नाही. आनंदाने पाहणारा आणि कुरकुरत पाहणारा, दोघांची नोंद सारखीच होते. कुरकुर घरातच राहते आणि आकडा तेवढा वाहिनीपर्यंत पोहोचतो.

असे यंत्र निवडक घरांतच बसवलेले असते. तेव्हा आपण संच बंद केल्याने काय होणार, असे कोणी म्हणेल. त्याने एक साधा हिशोब करावा. आठवड्यातील सहा दिवस रोज अर्धा तास म्हणजे वर्षाला दीडशेहून अधिक तास होतात. दिवसभर कष्ट करणाऱ्या माणसाला स्वतःचा म्हणावा असा वेळ संध्याकाळीच मिळतो. तेवढ्या तासांत एखादी परीक्षा देता येते, एखादी कला हाती येते, निदान घरातल्या माणसांशी चार शब्द बोलता येतात. घरात यंत्र असो वा नसो, वाचलेला तो अर्धा तास त्या घराचाच असतो.