हाडं ठिसूळ होणं फक्त बायकांचा आजार नाही. पुरुषांची तपासणी मात्र कुणाच्याच यादीत नाही

गावात शुगर-बीपीची नोंद घ्यायला आशाताई घरी येतात, मोतीबिंदूची शिबिरं होतात, तंबाखू खाणाऱ्यांचं तोंड तपासलं जातं. पण साठी ओलांडलेल्या पुरुषाच्या हाडात किती ताकद उरली आहे, हे ते मोडल्यावरच कळतं. ओट्यावरून पाय घसरतो, गोणी उचलताना पाठीत कळ येते आणि खुब्याचं किंवा मणक्याचं हाड जातं. घरचे म्हणतात, 'वय झालं.'

या ठिसूळपणाला डॉक्टर ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. जागतिक अंदाजानुसार पन्नाशीनंतर दर ३ पैकी १ बाईचं आणि दर ५ पैकी १ पुरुषाचं हाड यामुळे मोडतं. म्हणजे प्रमाण बायकांत जास्त. पण खुबा मोडल्यानंतर पहिल्या वर्षात दगावण्याचं प्रमाण पुरुषांत जास्त आहे.

लक्ष का जात नाही?

पाळी गेल्यावर बायकांची हाडं झपाट्याने झिजतात, म्हणून त्यांच्याबद्दल थोडंफार तरी बोललं जातं. पुरुषांची हाडं मुळात जाड, त्यामुळे त्रास साधारण दहा वर्षं उशिरा दिसतो. त्यात 'शेतात राबलेलं शरीर आहे, काय होतंय' हा समज. कष्टाने हाडं बळकट होतात हे खरं, पण बिडी, दारू आणि सगळं दूध डेअरीला घालून घरात कोरा चहा, हेही त्याच शरीरावर चालू असतं.

दुसरं मोठं कारण म्हणजे स्टेरॉइड. दमा, संधिवातासाठी या गोळ्या तीन महिन्यांपेक्षा जास्त चालल्या तर हाडं पोखरतात. सांधेदुखीवर मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळल्याचे प्रकार उघड झाले आहेत. दोन दिवसांत गुडघा मोकळा करणारी पुडी म्हणूनच संशयाने बघायला हवी. डॉक्टरांनी दिलेली गोळी मात्र मनाने एकदम बंद करू नये, तेही धोक्याचं आहे.

सरकारी यादीत हाड नाही

राष्ट्रीय कार्यक्रमात तिशीपुढच्या सगळ्यांची बीपी, मधुमेह आणि तोंड, स्तन, गर्भाशयमुख यांच्या कॅन्सरची तपासणी होते. हाडांची घनता त्यात नाही. त्यासाठी लागणारं डेक्सा मशीन महाग आणि बहुतेक मोठ्या शहरांतच. तज्ज्ञांचंही एकमत नाही. अमेरिकेतील सरकारी तज्ज्ञगट म्हणतो, सरसकट सगळ्या पुरुषांना तपासण्याइतका पुरावा नाही. तिथल्याच हार्मोनतज्ज्ञांची संघटना सत्तरीपुढचे सगळे आणि ५० ते ६९ मधले धोका असलेले पुरुष तपासा, असं सांगते.

इकडे सत्तरीपुढच्यांना आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला ५ लाखांपर्यंतचं कवच आहे, पण ते दवाखान्यात दाखल झाल्यावरच्या उपचारांसाठी. म्हणजे खुबा मोडल्यावर खर्च मिळू शकतो, तो मोडू नये म्हणून करायच्या तपासणीला खिशातूनच पैसे.

कुणी तपासून घ्यावं?

- पन्नाशीनंतर किरकोळ पडून हाड मोडलेले
- उंची दीड इंच किंवा जास्त घटलेले, पाठीत बाक आलेले
- दीर्घकाळ स्टेरॉइड घेतलेले
- प्रोस्टेट कॅन्सरसाठी हार्मोनचं इंजेक्शन चालू असलेले
- आई-वडिलांचा खुबा मोडलेला असलेले

डेक्साच्या रिपोर्टमध्ये टी-स्कोअर असतो. उणे २.५ किंवा त्याखाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस. शिबिरात टाचेला लावतात त्या मशीनवरून फक्त अंदाज येतो. तेवढ्यावर औषध सुरू करू नये. मशीन दूर असेल तर 'फ्रॅक्स' ही प्रश्नावली मोबाइलवरही भरता येते. वय, वजन, उंची, जुनं फ्रॅक्चर अशा माहितीवरून पुढच्या दहा वर्षांतला धोका निघतो. निकाल डॉक्टरांना दाखवावा.

औषधं आहेत. आठवड्याला एक गोळी किंवा वर्षातून एकदा सलाइनमधून इंजेक्शन, पण डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास मिळतं. दूध, ताक, तीळ यांतून भर पडते.

प्रत्येक उपकेंद्रात डेक्सा येणार नाही, ते परवडणारंही नाही. पण आशाताईंच्या फॉर्ममध्ये तीन प्रश्न वाढवायला पैसे लागत नाहीत: पन्नाशीनंतर हाड मोडलं का, उंची घटली का, स्टेरॉइड चालू आहे का? ग्रामसभेत हा विषय कुणीही मांडू शकतो. खुबा मोडून म्हातारा अंथरुणाला खिळला की शेत आणि घर दोन्ही अडतं, हे गावाला सांगायची गरज नाही.