उष्णता आणि समतोल

“उष्णता दिली म्हणजे रासायनिक क्रिया अधिक होते,” हें वाक्य आम्ही दर वर्षीं उत्तरपत्रिकांत वाचतों. आमच्या मतें हें अर्धेंच सत्य आहे. आणि अर्धें सत्य विद्यार्थ्यास अज्ञानापेक्षां अधिक फसवितें.

क्रियेचा वेग निराळा आणि तिची प्राप्ति निराळी. उष्णतामान वाढलें कीं वेग वाढतो, हें खरें. परंतु कित्येक क्रिया उलटसुलट दोन्ही दिशांनीं चालतात. जितका पदार्थ घडतो तितकाच मोडूं लागला, म्हणजे समतोल साधला. तापविल्यानें हा समतोल उष्णता शोषणाऱ्या दिशेकडे झुकतो. थंड केल्यानें उष्णता सोडणाऱ्या दिशेकडे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ल शातलिए यांनीं समतोलाविषयींचा आपला नियम १८८४ सालीं मांडला, त्यांत हें तत्त्व आलेंच आहे.

अमोनियाचें उदाहरण घ्या. नायट्रोजन व हायड्रोजन यांच्या संयोगानें तो बनतो आणि त्या वेळीं उष्णता बाहेर पडते. तेव्हां थंडावा त्यास अनुकूल; पण थंडाव्यांत ही क्रिया जवळजवळ चालतच नाहीं. तापवावें, तर झालेला अमोनिया मोडतो. वातावरणाच्या २०० पट दाबाखालीं समतोलांत ४०० अंश सेंटिग्रेडवर शेंकडा ३५हून अधिक, ५००वर सुमारें १८ आणि ६००वर अवघा ८च्या आसपास अमोनिया असतो. या पेचांतून जर्मनीच्या हाबर यांनीं १९०९ सालीं वाट काढली: उष्णता बेताची, दाब प्रचंड, सोबत उत्प्रेरक, आणि झालेला अमोनिया थंड करून सतत काढून घ्यावयाचा. बॉश यांच्या परिश्रमानें १९१३ सालीं ओपाऊ येथें कारखाना सुरू झाला. याच अमोनियापासून पुढें महायुद्धांत स्फोटकें झालीं, आणि याच अमोनियाच्या खतांवर आज जगांतील सुमारें निम्म्या लोकांचें अन्न पिकतें. आपल्या शेतांत पडणारा युरियाहि त्याचाच. अर्ध्या सत्यावर विसंबून असा कारखाना एक दिवसहि चालता ना!

म्हणून आमचें म्हणणें असें कीं, हा नियम पाठ करवून घेण्याआधीं डोळ्यांस दाखवावा. नायट्रोजन डायऑक्साइडनें भरलेली पक्की बंद नळी शिक्षकांनीं बर्फांत धरावी; तपकिरी रंग फिका पडतो. ऊन पाण्यांत धरावी; तो पुन्हां गडद होतो. आंत कांहीं घातलें नाहीं, बाहेर कांहीं काढलें नाहीं. केवळ समतोल सरकला.

पालकांनीं मुलांस गुण किती मिळाले हें अवश्य विचारावें, पण त्यासोबत हेंहि विचारावें, “बाळ, ती क्रिया उष्णता घेते कीं देते?” ज्याला हें सांगतां येईल, त्याला नियम समजला.