आधी कॅरिअर उतरवा

आमची मारुती 800 म्हणजे 1998 चं मॉडेल. 796 सीसी, तीन सिलिंडर, चार गिअर, कार्बोरेटरवाली. लिंबागणेशात भालचंद्र गणपतीच्या दर्शनाला येणाऱ्या मोठ्या गाड्यांपुढे ती अगदीच बापुडी दिसते. तिचा तोरा एकाच गोष्टीचा, ॲव्हरेजचा. तेच चौदावर आलं, तेव्हा माझं डोकं फिरलं.

मग मीही चारचौघांसारखंच केलं. पेट्रोलच्या नळीला बांधायचं चुंबक आणलं. पेट्रोल काही लोखंड नव्हे, हे शाळेत शिकलेला माणूस मी! टाकी फुल ते टाकी फुल असा तीन वेळा हिशेब केला, आकडा चौदाच. चुंबक आता घरात शिलाईच्या सुया वेचतं.

शेवटी मिस्त्रीकडे गेलो. तो म्हणाला, “सर, गाडीला लावूलावू काय करताव? आधी काढा.” त्यानं जॅक लावून मागचं चाक हातानं फिरवलं. अर्ध्या फेरीत थांबलं. ब्रेकचे लायनर ड्रमला घासत होते, म्हणजे मी कित्येक महिने ब्रेक दाबूनच गाडी चालवत होतो. चोकची वायर अडकून चोक अर्धा ओढलेला. टायरांत हवा कमी. आणि टपावर कॅरिअर, सोयाबीनचं एक पोतं नेण्यासाठी दोन वर्षांपूर्वी बसवलेलं.

अमेरिकेत जुन्या छोट्या गाड्यांचं ॲव्हरेज वाढवायचा मोठा नाद आहे. काटकसरीनं गाडी हाकण्याला त्यांच्याकडे ‘हायपरमायलिंग’ म्हणतात. 2008 साली तिथल्या ऑक्सफर्ड शब्दकोशानं तो वर्षाचा शब्द ठरवला. एकानं तर 1992 च्या होंडा सिव्हिकला मागं लांब निमुळती शेपटीच जोडली. त्यांचं बरोबर आहे. वेग दुप्पट झाला की हवेचा अडथळा चौपट होतो, आणि त्यांची गाडी तासन्‌तास शंभरच्या पुढं पळते. पाटोदा रस्त्यावर चाळीस-पन्नासनं जाणाऱ्याला शेपटी काय कामाची? इथं ॲव्हरेज खातात ते ब्रेक, टायर आणि गतिरोधक.

मांजरसुंब्याचा घाट बीडकडे उतरताना गाडी न्यूट्रल करणारे खूप. हा मूर्खपणा आहे. इंजेक्शनवाल्या गाडीत गिअर असताना पाय उचलला की पेट्रोल जवळजवळ बंदच होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते लागतंच. आमच्यासारख्या कार्बोरेटरवाल्याचे वाचलेच तर चार थेंब वाचतील, पण इंजिनाचा आवर सुटतो आणि सगळा भार तापलेल्या ब्रेकवर येतो.

एक गोष्ट मात्र मिस्त्रीच्याही हातात नाही. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. म्हणजे आपल्याच भागातला ऊस टाकीत येतो, याचं कौतुक आहेच. पण लिटरमागं इथेनॉलची ताकद पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशानं कमी, आणि जुन्या कार्बोरेटरला त्याप्रमाणं मिश्रण बदलता येत नाही. जुन्या रबरी नळ्यांनाही ते मानवत नाही. माझ्या मी बदलून घेतल्या.

हे सगळं नीट करून घेतल्यावर सध्या अठरा पडतंय. तुमचीही गाडी जुनी असेल तर काही विकत घेण्याआधी ती सपाटीला न्यूट्रलमध्ये उभी करा, हँडब्रेक सोडा आणि एकट्यानं ढकलून बघा. मारुती साडेसहाशे किलोच्या आसपासची, सहज हलली पाहिजे. नाही हलली, तर आधी चाकं उघडून घ्या.