शरीरातली अफू आणि दुकानातली गोळी

"डॉक्टर, डोकं उठलंय, एक इंजेक्शन देऊन टाका." भोर-वेल्ह्याच्या भागात दवाखाना चालवणाऱ्या कुठल्याही डॉक्टरला हे वाक्य नवीन नाही. भाताच्या लावणीच्या दिवसांत तर ते रोज कानावर येतं. दवाखान्यात येण्याआधी किराणा दुकानातली गोळी, कपाळाला बाम, डोक्याला घट्ट फडकं असे सगळे उपाय करून झालेले असतात. या धावपळीत एक औषध मात्र आपण विसरतो. ते आपल्याच शरीरात तयार होतं, आणि रोज गोळी खाऊन आपण त्याच्याच कामात अडथळा आणतो. आजचा लेख त्याबद्दल आहे.

शरीरातली अफू म्हणजे काय?

अफूपासून बनणारं मॉर्फिन वेदना थांबवतं, हे पूर्वीपासून माहीत होतं. १९७३ मध्ये मेंदूतल्या पेशींवर मॉर्फिन नेमकं जिथे बसतं त्या जागा, म्हणजे रिसेप्टर, सापडले. मग प्रश्न पडला, की माणसाच्या मेंदूत अफूच्या किल्लीसाठी कुलूप कशाला? १९७५ मध्ये स्कॉटलंडमधल्या ॲबरडीन इथे जॉन ह्यूज आणि हान्स कॉस्टरलिट्झ यांनी उत्तर शोधलं. मेंदू स्वतःच तशी किल्ली बनवतो. त्यांनी शोधलेल्या रसायनांना एन्केफॅलिन म्हणतात. एंडॉर्फिन आणि डायनॉर्फिन ही त्याच कुटुंबातली पुढची नावं.

ही रसायनं मेंदूच्या मधल्या भागातून खाली जाणारी एक यंत्रणा चालवतात. कपाळ, डोळे, जबडा आणि मेंदूवरच्या आवरणाकडून येणारी वेदनेची खबर जिथे पोहोचते, तिथेच ही यंत्रणा तिचा आवाज कमी करते. विहिरीवरच्या पंपाला व्हॉल्व्ह असतो ना, तसंच. पाणी येतंच, पण किती सोडायचं ते व्हॉल्व्ह ठरवतो.

डोकेदुखीत काय होतं?

इटलीतल्या फ्लोरेन्सचे डॉक्टर फेडेरिगो सिकुतेरी यांनी बऱ्याच वर्षांपूर्वी मांडलं होतं, की मायग्रेन म्हणजे अर्धशिशीच्या रुग्णांत ही आतली अफूच कमी पडत असावी. २०१४ मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या एका छोट्या अभ्यासात, झटका चालू असताना रुग्णांच्या मेंदूचे फोटो घेतले गेले. त्यात मेंदू स्वतःची अफू सोडून वेदनेशी झुंजताना दिसला. म्हणजे डोकं दुखत असतं तेव्हा शरीर गप्प बसलेलं नसतं.

आपल्याकडे बरेच जण अर्धशिशीला "पित्त" म्हणतात, कारण उलटी झाली की बरं वाटतं. पण उलटी हा बहुतेक वेळा अर्धशिशीचाच भाग असतो. वर्षानुवर्षं पित्ताच्या गोळ्या खाऊन मूळ आजार तसाच राहतो.

गोळीचा उलटा डाव

दुखण्याची साधी गोळी (पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन) महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, किंवा कॅफिन वगैरे घातलेली मिश्र गोळी, मायग्रेनची खास गोळी किंवा अफूवर्गातलं औषध १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक काळ चाललं, तर औषधामुळेच रोजची डोकेदुखी सुरू होऊ शकते. वेदनेच्या मज्जातंतूंची संवेदना वाढते आणि आतला व्हॉल्व्ह ढिला पडतो. गोळीचा असर उतरला की डोकं उठतं, म्हणून माणूस पुन्हा गोळी घेतो.

अफूवर्गातल्या औषधांची, उदाहरणार्थ ट्रामाडॉलची, गोष्ट आणखी वाईट. ती थेट त्याच कुलपात बसतात. बाहेरून किल्ली सारखी येत राहिली की रिसेप्टर सुस्त होतात आणि आपली स्वतःची अफू तोकडी पडते. शिवाय सवय लागते. २०१८ मध्ये ट्रामाडॉल अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणलं गेलं, ते उगाच नाही. माझं मत स्पष्ट आहे: नेहमीच्या अर्धशिशीसाठी ट्रामाडॉलची गोळी किंवा इंजेक्शन रुग्णाने मागू नये आणि डॉक्टरने देऊ नये.

मग इंजेक्शनने लगेच बरं का वाटतं?

औषधाचा वाटा असतोच. पण विश्वासाचाही असतो, आणि त्याला शास्त्रीय आधार आहे. १९७८ मध्ये सॅन फ्रान्सिस्को इथे दात काढलेल्या रुग्णांना बिनऔषधाचं इंजेक्शन दिलं, तरी काहींची वेदना कमी झाली. त्यांना अफूचा परिणाम रोखणारं नॅलॉक्सोन दिल्यावर मात्र ती परत वाढली. म्हणजे तो आराम खोटा नव्हता, तो त्यांच्याच मेंदूतल्या अफूने दिलेला होता.

म्हणून आईने डोकं चेपलं, अंधाऱ्या खोलीत निवांत पडू दिलं की बरं वाटतं, त्याला "मनाचे खेळ" म्हणून हसू नका. पण याचाच गैरफायदा घेऊन कोणी दोरे-गंडे आणि महागडे "एंडॉर्फिन वाढवणारे" चूर्ण विकत असेल, तर पैसे वाचवा.

काय करायचं?

१. वेळेवर जेवा. उपवासाच्या दिवशी डोकं दुखत असेल तर उपाशी राहू नका, देव रागावणार नाही.

२. लावणी, कापणीत पाणी पीत राहा आणि डोक्यावर सावली ठेवा. झोप मोडू नका.

३. "कामातच व्यायाम होतो" हे अर्धंच खरं आहे. उन्हात, उपाशीपोटी वाकून केलेलं काम हा व्यायाम नाही, ताण आहे. स्वीडनमधल्या २०११ च्या एका अभ्यासात आठवड्यातून तीनदा ४० मिनिटांच्या व्यायामाने मायग्रेनचे झटके जवळपास नेहमीच्या औषधाइतकेच कमी झाले. घरातल्या बाईला असा स्वतःचा वेळ मिळू द्या.

४. डोक्यावरून अंघोळ केली की डोकं दुखतं, ही तक्रार खोटी नाही. मुंबईचे डोकेदुखीतज्ज्ञ डॉ. के. रविशंकर यांनी २००६ मध्ये अशा ९४ भारतीय रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. केस दिवसा धुवा आणि लवकर कोरडे करा.

५. महिन्यात चारपेक्षा जास्त दिवस डोकं दुखत असेल तर झटके येऊच नयेत म्हणून घ्यायचं औषध डॉक्टरांना विचारा. प्रोप्रॅनोलॉल, ॲमिट्रिप्टिलीन ही जुनी आणि स्वस्त औषधं आहेत. पण दमा असणाऱ्यांना प्रोप्रॅनोलॉल चालत नाही, म्हणून स्वतःच्या मनाने घेऊ नका.

६. रोजची गोळी थांबवल्यावर पहिले काही दिवस दुखणं वाढतं, मग उतरतं. ट्रामाडॉल किंवा झोपेची गोळी मात्र एकदम बंद करू नका, डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करा.

थांबू नका, लगेच दाखवा

आयुष्यात कधी दुखलं नाही असं अचानक तीव्र दुखणं, तापाबरोबर मान ताठ होणं, हात-पाय लुळे पडणं, बोलणं अडखळणं, फिट, दिसेनासं होणं, डोक्याला मार, गरोदरपणात किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखी. अशा वेळी ना गोळी, ना इंजेक्शन, ना उतारा. गाडी काढा आणि मोठं रुग्णालय गाठा. वेल्ह्याच्या आतल्या गावांतून निघायचं तर वेळ आधीच जास्त लागतो, त्यात सकाळपर्यंत वाट पाहणं परवडत नाही.

बाकी सगळ्यांसाठी एक सोपं काम. भिंतीवरच्या कालनिर्णयवर डोकं दुखलेल्या दिवशी एक टिंब आणि गोळी घेतलेल्या दिवशी एक फुली मारा. तीन महिन्यांनी ती पानं घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे जा. फुल्या मोजल्या की पुढचा उपचार ठरवणं दोघांनाही सोपं जाईल.