यंत्र आणि विचारपूस

विज्ञानाने अंतर जिंकले, असे आपण अभिमानाने म्हणतो. परंतु ज्या घरची मुले नोकरीनिमित्त पुण्यास, बंगळुरास वा परदेशी गेली आहेत, त्या घरातील आजी-आजोबांचे एकटेपण काही सरलेले नाही. मुलगा महागडा मोबाईल पाठवितो. त्यावरील अक्षरे बारीक, चिन्हे अनेक. थरथरते बोट भलतीकडेच पडते आणि अखेर तो कपाटात जाऊन पडतो. मग लोक म्हणतात, म्हातारपणी नवे शिकणे होत नाही. आम्हांस हे मान्य नाही. दोष शिकणाऱ्याचा नसून यंत्र घडविणाऱ्याचा आहे.

जपानचे उदाहरण पाहा. तेथे चहासाठी पाणी ऊन ठेवणारे विजेचे भांडे अनेक घरी असते. झोजिरुशी कंपनीने २००१ साली या भांड्यातच संदेश पाठविण्याची सोय केली. आजीने नेहमीप्रमाणे चहासाठी पाणी घेतले की ती वार्ता दूरच्या मुलास पोहोचते. भांडे वापरले गेले नाही, तर तो वेळीच चौकशी करू शकतो. आजीला मात्र नवे काहीच शिकावे लागत नाही. नॉर्वेतील नो आयझोलेशन या कंपनीचा 'कोम्प' नावाचा पडदा जुन्या दूरदर्शन संचासारखा दिसतो. त्याला फिरवावयाची एकच कळ असते. नातवंडांनी मोबाईलवरून पाठविलेली छायाचित्रे त्यावर दिसतात आणि एकमेकांना पाहत बोलताही येते. वृद्धांच्या सवयींपुढे यंत्राने नमावे, हेच तत्त्व या दोहोंच्या मुळाशी आहे.

तथापि एक धोका आम्हांस दिसतो. भांडे क्षेम कळविते, सोबत करीत नाही. 'वार्ता आली, आता बोलावयाचे कशाला?' असे मुलाच्या मनात आले, तर त्याच यंत्राने एकटेपण वाढेल. शिवाय वडीलधाऱ्यांना न विचारता घरात असे साधन ठेवणे म्हणजे त्यांच्यावर पाळत ठेवणेच होय. म्हणून त्यांची संमती प्रथम घेतली पाहिजे.

ब्रिटनने २०१८ साली व जपानने २०२१ साली एकाकीपणाच्या प्रश्नासाठी मंत्री नेमले. इतका हा प्रश्न मोठा आहे. पण त्याचा आरंभ आपल्या ओसरीवरच होतो. आमच्यापैकी जे उद्या अभियंते होतील, त्यांनी आराखडा काढण्यापूर्वी आजोबांजवळ बसून त्यांचे हात कसे चालतात ते पाहावे. आणि आम्ही सर्वांनी, यंत्र असो वा नसो, रोज त्यांच्याशी चार शब्द बोलावेत. यंत्र निरोप पोहोचवील. निरोप धाडावयाचा तो आपणच.