इंजिनाला चकाकी नको, स्वच्छता हवी

आपल्यातील अनेक बांधवांची रोजीरोटी चार चाकांवर चालते. कुणाचा टेम्पो आहे, कुणाची भाड्याची गाडी, कुणाचे गॅरेज, तर कुणाचा जुन्या गाड्यांच्या खरेदी-विक्रीचा व्यवसाय. गाडी बाहेरून रोज पुसली जाते, मात्र बॉनेटखाली काय साचले आहे याकडे महिनोन्महिने कुणी पाहात नाही. मग एके दिवशी गाडी वॉशिंग सेंटरवर जाते. इंजिनावर डिझेलचा फवारा, त्यावर पाण्याचा जोरदार मारा आणि शेवटी पॉलिशचा हात. इंजिन आरशासारखे दिसते आणि मालक खूश होतो. आमच्या मते ही पद्धत आता बंद झाली पाहिजे. हे काम मालकाने घरच्या घरी, कमीत कमी पाण्यात करावे आणि ते चकाकीसाठी नव्हे, तर तपासणीसाठी करावे.

जुन्या काळी हे खपून जात असे. १९८३ साली मारुती ८०० आली तेव्हा तिच्यात कार्ब्युरेटर होता आणि वायरिंग मोजकेच होते. प्लग-वायरवर पाणी गेले तर पुसून, वाळवून गाडी पुन्हा सुरू होई. आजची गोष्ट वेगळी आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाल्यानंतरच्या गाड्यांत जागोजागी सेन्सर आणि कनेक्टर आहेत, आणि सर्व कारभार संगणकाच्या डब्याकडे आहे. हे कनेक्टर पावसाचे शिंतोडे सहन करतात. परंतु जवळून मारलेली प्रेशरची धार रबरी सीलच्या आत शिरते. त्या दिवशी काही जाणवत नाही. पुढे पितळी टोकांवर हिरवट गंज चढतो आणि गाडी मधूनच मिसिंग करू लागते. असा दोष शोधण्यात मिस्त्रीचा दिवस जातो आणि मालकाचा धंदा बुडतो.

डिझेल व रॉकेलचे नुकसान दुहेरी आहे. त्याने रबरी पाईप व बेल्ट फुगतात, खराब होतात, आणि गरम सायलेन्सरच्या पाईपावर ते सांडले तर आगीचा धोका असतो. शिवाय तो तेलकट राडा शेवटी गटारातच जातो. कॉस्टिकसारखी तीव्र रसायनेही नकोत, ती ॲल्युमिनियम खातात.

मग करावे कसे? प्रथम इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे आणि चावी काढून ठेवावी. काही गाड्यांत चावी बंद असतानाही रेडिएटरचा पंखा फिरू लागतो, म्हणून हात जपावा. बॅटरीची वायर काढायची असेल तर आधी ऋण टोकाची काढावी आणि जोडताना ती शेवटी जोडावी. काच आणि बॉनेट यांच्यामधल्या खाचेतील पालापाचोळा हाताने उचलावा. तेथील निचऱ्याची भोके बुजली तर पावसाचे पाणी गाडीच्या आत उतरते. उंदराने घर केले असेल तर कुरतडलेल्या वायरी तेव्हाच दिसतात.

पाणी लावण्याआधी डोळ्यांनी नीट पाहावे. तेलकट डाग कुठून सुरू होतो? टॅपेट कव्हरच्या गॅस्केटपासून की खालून? कूलंटचा रंगीत पापुद्रा कुठे धरला आहे का? मोबाईलवर फोटो काढून ठेवला तर उत्तम. त्यानंतर कोरड्या ब्रशने धूळ झाडावी. अल्टरनेटर, फ्यूज बॉक्स, संगणकाचा डबा, उघडे कनेक्टर आणि हवा घेणारे तोंड प्लॅस्टिकने झाकावे. साबणाच्या सौम्य पाण्यात ब्रश बुडवून तेलकट जागा घासाव्यात आणि ओल्या फडक्याने पुसून घ्याव्यात. बेल्टवर साबण किंवा तेल जाऊ देऊ नये. बॅटरीच्या टोकांवरील पांढरी-हिरवी बुरशी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने निघते, मात्र ते पाणी बॅटरीच्या आत जाता कामा नये. टोके कोरडी करून व्हॅसलिन लावावे. शेवटी प्लॅस्टिक काढून बॉनेट काही तास उघडे ठेवावे आणि सर्व वाळल्यावरच गाडी सुरू करावी. हायब्रीड किंवा इलेक्ट्रिक गाडीत नारिंगी केबल दिसल्या, तर त्यांच्याजवळ पाणी व ब्रश नेऊच नये. ते काम जाणकाराचे आहे.

काही मिस्त्री म्हणतात, इंजिनाला हातच लावू नका, मळाने काही बिघडत नाही. त्यांचे निम्मे म्हणणे खरे आहे. नुसत्या धुळीने इंजिन बंद पडत नाही. परंतु तेल आणि धूळ यांचा थर बसला की नवी गळती त्याच्याखाली लपते. पुसलेल्या इंजिनावर तेलाचा ताजा थेंब दोन दिवसांत दिसतो. साध्या सीलवर भागणारे काम वेळेत कळले नाही तर इंजिन उतरवण्यापर्यंत जाते.

जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांशीही दोन शब्द. विक्रीच्या आदल्या दिवशी इंजिन धुऊन पॉलिश मारणे ही साफसफाई नव्हे, तो मालातील ऐब झाकण्याचा प्रकार आहे. आठ दिवसांनी ग्राहक तेलाचे डाग घेऊन परत येतो आणि चार लोकांना सांगतो. त्यापेक्षा गाडी आधीच स्वच्छ करून दोन-तीन दिवस चालवावी, गळती निघाली तर दुरुस्त करावी किंवा ग्राहकाला दाखवून भाव ठरवावा. खरेदी करणाऱ्यानेही चकचकीत इंजिनावर भाळू नये. गाडी अर्धा तास पळवून मगच बॉनेट उघडावे आणि खाली जमिनीकडेही पाहावे.

यात गॅरेजवाल्यांचे नुकसान आहे असे कुणी समजू नये. फवारा मारून पैसे घेण्यापेक्षा हाताने साफ करून, कोठे काय गळते याची चिठ्ठी ग्राहकाच्या हाती द्यावी आणि त्याची रास्त मजुरी घ्यावी. अशा चिठ्ठीतून पुढचे कामही मिळते आणि ग्राहकही टिकतो. पावसाळ्यापूर्वी एक सुटीची सकाळ या कामासाठी काढावी. एक ब्रश, दोन फडकी आणि बादलीभर पाणी यापलीकडे त्याला खर्च नाही.